पुरावाच पुरेसा नसेल तर: खटला मध्येच थांबवून आरोपीला निर्दोष सोडण्याचा न्यायाधीशांचा अधिकार

फौजदारी खटल्यात सरकारी पक्षाचा शेवटचा साक्षीदार उलटतपासणी संपवून पिंजऱ्यातून खाली उतरला आणि सरकारी वकिलांनी आपला पुरावा संपल्याचे न्यायालयाला सांगितले, की आता बचाव पक्षाची पाळी, असे बहुतेकांना वाटते. या दोन टप्प्यांच्या मध्ये मात्र आणखी एक टप्पा असतो, आणि कित्येकदा खटल्याचा निकाल तिथेच लागतो. ज्या देशांत ज्युरी, म्हणजे निकाल देणारे सामान्य नागरिकांचे मंडळ, असते तिथे ज्युरीला थोडा वेळ न्यायदालनाबाहेर पाठवले जाते. मग बचावाचे वकील उभे राहून म्हणतात की आतापर्यंत जो पुरावा आला आहे तो सगळाच्या सगळा खरा मानला, तरीही त्यावरून आमच्या अशिलाला कोणी दोषी ठरवू शकणार नाही, म्हणून उत्तर देण्यासारखे आमच्यापुढे काही उरतच नाही. न्यायाधीशांना हे पटले तर आरोपीला स्वतःच्या बचावासाठी एक शब्दही न बोलता निर्दोष मुक्त केले जाते. पटले नाही तर ज्युरीला परत बोलावले जाते आणि खटला पुढे चालतो. ज्युरीला बाहेर पाठवण्याचे कारण उघड आहे. न्यायाधीशांनी अर्ज फेटाळल्याचे तिच्या कानावर गेले, तर न्यायाधीशांच्याच मते आरोपी दोषी आहे असा समज करून घ्यायला तिला वेळ लागणार नाही.

न्यायाधीश अशा वेळी नेमके काय ठरवत असतात, याविषयी बराच गैरसमज आढळतो. आरोपीने गुन्हा केला की नाही, हा त्यांच्यापुढचा प्रश्न नसतो. निर्णय घेण्यासारखे काही न्यायालयासमोर आले आहे का, एवढेच त्यांना पाहायचे असते. पहिला प्रश्न वस्तुस्थितीचा आहे आणि तो ज्युरीचा; दुसरा कायद्याचा आहे आणि तो न्यायाधीशांचा. या दोन प्रश्नांमधली सीमारेषा सांभाळणे हाच या अधिकाराचा सगळा गाभा आहे, आणि त्याविषयीचे बहुतेक वाद ती रेषा नेमकी कुठे आखायची यावरूनच झाले आहेत.

प्रत्येक गुन्ह्याचे काही घटक असतात आणि ते सर्व सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारी पक्षावर असते. दहापैकी नऊ घटक निर्विवाद सिद्ध झाले आणि दहाव्याविषयी काहीच पुरावा आला नाही, तर नवांच्या जोरावर दहावा गृहीत धरता येत नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातला स्मिथ खटला याचे चांगले उदाहरण आहे. आरोपीवर इतर आरोपांबरोबर बेकायदा बंदूक बाळगल्याचाही आरोप होता, आणि त्या राज्याच्या कायद्यानुसार तो सिद्ध होण्यासाठी शस्त्राच्या नळीची लांबी १६ इंचांपेक्षा कमी असल्याचे दाखवणे आवश्यक होते. साक्षीदाराने शस्त्राचे वर्णन पिस्तूल असे केले होते, पण नळीच्या लांबीविषयी कोणी वेगळे काही सांगितले नव्हते. सरकारी पक्षाचा पुरावा संपल्यावर बचावाच्या वकिलांनी नेमक्या या उणिवेवर बोट ठेवले आणि न्यायाधीशांनी त्या एका आरोपातून आरोपीला निर्दोष ठरवले. सामान्य माणसाला हा कीस काढण्याचा प्रकार वाटेल. परंतु कायदेमंडळाने जी अट घातली आहे ती सिद्ध झाली की नाही हे न तपासता शिक्षा करायची असेल, तर ती अट कायद्यात लिहिण्याचेच काही प्रयोजन राहत नाही. या खटल्याची पुढची हकिगत अधिक बोलकी आहे. तिच्याकडे नंतर वळू.

एखाद्या घटकाविषयी पुरावाच नसेल तर काम सोपे असते. पुरावा आहे, पण लेचापेचा आहे, अशा वेळी खरी अडचण येते. इंग्लंडमध्ये या प्रश्नाचे उत्तर १९८१ सालच्या गालब्रेथ खटल्यात सरन्यायाधीश लॉर्ड लेन यांनी दिले आणि आजही तिथली न्यायालये तेच प्रमाण मानतात. त्यांची मांडणी थोडक्यात अशी: आरोपीने गुन्हा केल्याचा काहीच पुरावा नसेल तर न्यायाधीशांनी खटला थांबवावा, त्यात कसलीच अडचण नाही. पुरावा आहे पण दुबळा, विसंगत किंवा संदिग्ध आहे, अशा वेळी तो सरकारी पक्षाला जास्तीत जास्त अनुकूल होईल अशा रीतीने गृहीत धरावा, आणि तरीही योग्य मार्गदर्शन मिळालेली ज्युरी त्यावरून रास्तपणे दोषी ठरवू शकणार नाही असे दिसले तर खटला थांबवावा. मात्र पुराव्याचे बळ साक्षीदारावर किती विश्वास ठेवायचा यावर अवलंबून असेल, आणि विश्वास ठेवल्यास दोषसिद्धी शक्य असेल, तर न्यायाधीशांनी बाजूला राहावे, कारण विश्वास ठेवणे न ठेवणे हे ज्युरीचे काम आहे.

या शेवटच्या वाक्यात न्यायाधीशांवर मोठा संयम लादलेला आहे. साक्षीदार खोटे बोलतो आहे अशी त्यांची मनोमन खात्री असली, तरी केवळ तेवढ्यासाठी त्यांना खटला थांबवता येत नाही. समजा, एका साक्षीदाराने सांगितले की आरोपीने गोदामाचे कुलूप तोडताना मी त्याला दहा फुटांवरून पाहिले, आणि उलटतपासणीत निष्पन्न झाले की या साक्षीदाराचे आरोपीशी जुने वैर आहे. साक्षीदाराचा हेतू संशयास्पद ठरला, पण त्याचे विधान तसेच उभे आहे, आणि ज्युरीने ते मानले तर गुन्हा सिद्ध होतो; म्हणून खटला पुढे चालेल. उलट तोच साक्षीदार म्हणाला की अंधारात मला एका उंच माणसाची पाठ दिसली, चेहरा दिसला नाही, आणि आरोपी उंच आहे याखेरीज सरकारी पक्षाकडे काहीच नाही, तर साक्षीदार अत्यंत सचोटीचा असला तरी खटला इथेच संपायला हवा. त्याच्यावर पूर्ण विश्वास ठेवूनही हाती काही लागत नाही. पहिल्या साक्षीदारावर शंका घेणे ज्युरीकडे सोपवायचे आणि दुसऱ्याच्या साक्षीवरून खटला न्यायाधीशांनी थांबवायचा, ही विभागणी प्रथमदर्शनी उलटी वाटते, पण तिच्यामागचा विचार पक्का आहे.

ओळख पटवण्याच्या पुराव्याबाबत इंग्लिश न्यायालयांनी या नियमात एक विशेष सावधगिरी घातली आहे. प्रामाणिक माणूसही ओळखण्यात चुकू शकतो आणि तो प्रामाणिक असल्यामुळे त्याची चूक उलटतपासणीत सहसा उघडी पडत नाही. म्हणून १९७६ सालच्या टर्नबुल निर्णयात असे ठरले की ओळख ओझरत्या नजरेवर किंवा प्रतिकूल परिस्थितीत झालेल्या दर्शनावर आधारलेली असेल आणि तिला इतर कशाचाही आधार नसेल, तर न्यायाधीशांनी खटला ज्युरीकडे जाऊ देऊ नये. ऑस्ट्रेलियाने मात्र याहून आखडता हात घेतला आहे. तिथल्या उच्च न्यायालयाने १९९० सालच्या डोनी खटल्यात असे म्हटले की पुरावा दुबळा किंवा संदिग्ध असला तरी दोषसिद्धीला आधार देण्याइतका असेल तर तो ज्युरीसमोर गेलाच पाहिजे. दोषसिद्धी धोक्याची ठरेल असे न्यायाधीशांना वाटणे हे खटला थांबवायला पुरेसे कारण नाही.

अमेरिकेतील कसोटी वेगळ्या वाटेने घडली. १९६० सालच्या एका निर्णयात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने असे ठरवले होते की काहीच पुरावा नसताना कोणाला दोषी ठरवणे राज्यघटनेच्या विरुद्ध आहे. हा नियम फारच सैल होता, कारण नाममात्र का होईना, पुरावा बहुतेक खटल्यांत असतोच. १९७० मध्ये विनशिप खटल्यात गुन्ह्याचा प्रत्येक घटक वाजवी शंकेपलीकडे सिद्ध झाला पाहिजे, ही अट घटनात्मक ठरली. त्यानंतर जुनी कसोटी अपुरी पडणे स्वाभाविक होते. १९७९ सालच्या जॅक्सन खटल्यात नवी कसोटी आली: सर्व पुरावा सरकारी पक्षाला अनुकूल अशा दृष्टीने पाहिला, तर कोणीही विवेकी निर्णयकर्ता गुन्ह्याचे आवश्यक घटक वाजवी शंकेपलीकडे सिद्ध झाले असे म्हणू शकला असता का? हे उत्तर नकारार्थी असेल तर दोषसिद्धी टिकत नाही. न्यायाधीशांनी स्वतः काय निष्कर्ष काढला असता, याला इथेही जागा नाही.

अमेरिकेच्या संघीय न्यायालयांत हा अधिकार फौजदारी प्रक्रिया नियमावलीच्या २९व्या नियमात आहे. पूर्वी न्यायाधीश ज्युरीला ‘निर्दोष असा निकाल द्या’ असा आदेश देत आणि ज्युरी तो उच्चारत असे. नियमाने हा देखावा बंद करून न्यायाधीशांनी स्वतःच निर्दोषत्वाचा निकाल द्यावा अशी सोय केली. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये हीच वाट धरली आणि जो निकाल ज्युरीच्या तोंडून वदवून घ्यायचा तो न्यायाधीशांनी स्वतः द्यावा असे सांगितले. जो निर्णय बारा माणसांनी घेतलेलाच नाही तो त्यांच्यापैकी एकाने उभे राहून जाहीर करायचा, या प्रथेचे समर्थन परंपरेपलीकडे कशाने होते हे मला तरी उमगलेले नाही.

हा अधिकार एकाच दिशेने चालतो, ही त्याची सर्वांत लक्षणीय बाजू आहे. न्यायाधीश ज्युरीच्या हातून खटला काढून घेऊन आरोपीला सोडू शकतात; पुरावा कितीही निर्णायक असला तरी दोषी ठरवण्याचा आदेश मात्र देऊ शकत नाहीत. इंग्लंडमध्ये हे तत्त्व वँग खटल्यात कसाला लागले. क्लॅक्टन रेल्वे स्थानकावर गाडीची वाट पाहणाऱ्या एका माणसाची बॅग चोरीला गेली, आणि शोधाशोधीत ती सापडली तेव्हा तिच्यात मार्शल आर्टमध्ये वापरली जाणारी वक्र तलवार आणि एक छोटा सुरा निघाला. सार्वजनिक ठिकाणी पात्याचे शस्त्र बाळगल्याचा आरोप त्याच्यावर ठेवला गेला. आपण शाओलिन परंपरेतले बौद्ध असून या शस्त्रांचा सराव करतो, आणि राहण्याची जागा स्थिर नसल्यामुळे ती जवळ ठेवतो, असे त्याचे म्हणणे होते. कायद्याच्या दृष्टीने हा बचाव होऊच शकत नाही असे मानून न्यायाधीशांनी ज्युरीला दोषी असा निकाल देण्यास सांगितले. २००५ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचे तिथले सर्वोच्च न्यायालय) ती दोषसिद्धी रद्द केली आणि कोणत्याही परिस्थितीत न्यायाधीशांना असा आदेश देता येणार नाही असे स्पष्ट केले. बचाव लंगडा असेल तर ज्युरी तो फेटाळेल. पण फेटाळायचा की नाही हे तिनेच ठरवायचे.

ही विषमता अन्यायकारक नाही का, असे विचारले जाते. वाजवी शंका असेल तर शिक्षा होऊ नये हे फौजदारी कायद्याचे मूळ तत्त्व एकदा मान्य केले, की दोन्ही बाजूंना समान दारे ठेवण्याचा प्रश्न उरत नाही. ज्युरी ही शासनसत्ता आणि आरोपी यांच्यामधली भिंत आहे. ज्या दोषसिद्धीला पुराव्याचा पायाच नाही तिच्यापासून आरोपीला वाचवणे ही त्या भिंतीला दिलेली भर आहे, आणि ज्युरीला डावलून दोषी ठरवणे म्हणजे तीच भिंत पाडणे.

एवढा मोठा निर्णय न्यायाधीशांनी चुकीने दिला तर काय, या प्रश्नावर अमेरिकेचे उत्तर थक्क करणारे आहे. एकाच गुन्ह्यासाठी दोनदा खटला चालवायला तिथली राज्यघटना मनाई करते, आणि न्यायाधीशांनी खटल्याच्या मध्येच दिलेली निर्दोष मुक्तताही या संरक्षणाखाली येते, मग तिचा पाया ढळढळीत चुकीचा असला तरी. १९६२ सालच्या फाँग फू निर्णयाने हे पक्के केले. स्मिथ खटल्यात तर मॅसॅच्युसेट्सच्या न्यायाधीशांनी त्याच दिवशी, पिस्तूल म्हटल्यावर नळीची लांबी अनुमानाने ठरवता येते असा पूर्वनिर्णय सरकारी वकिलांनी दाखवल्यावर, आपला आदेश मागे घेतला आणि ज्युरीने आरोपीला दोषी ठरवले. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दोषसिद्धी रद्द केली: एकदा निर्दोष ठरवले म्हणजे ठरवले. याहून टोकाचे उदाहरण २०१३ सालच्या इव्हान्स खटल्याचे आहे. मिशिगन राज्यात एका रिकाम्या घराला आग लागली. कामावर नसलेल्या एका पोलिसाने आरोपीला पेट्रोलचा डबा घेऊन तिथून पळताना पाहिले होते आणि आरोपीने आग लावल्याची कबुलीही दिली होती. तरीही न्यायाधीशांनी त्याला सोडले, कारण जळालेली इमारत राहते घर नव्हती हे सरकारी पक्षाने सिद्ध करायला हवे, असा त्यांचा समज झाला. तसा घटक त्या गुन्ह्यात नव्हताच. सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मताने चूक मान्य केली, पण फेरखटला चालवता येणार नाही असेच सांगितले.

म्हणूनच अनुभवी न्यायाधीश तिथे एक सोपी युक्ती वापरतात. पुरावा अपुरा आहे असे वाटले तरी ते निर्णय राखून ठेवतात आणि ज्युरीला निकाल देऊ देतात. ज्युरीने निर्दोष ठरवले तर प्रश्नच मिटला. दोषी ठरवले आणि त्यानंतर न्यायाधीशांनी तो निकाल बाजूला सारून आरोपीला मुक्त केले, तर सरकार अपील करू शकते, कारण अपील यशस्वी झाल्यास नवा खटला न चालवता ज्युरीचा मूळ निकाल पुन्हा लागू करता येतो. १९७५ सालच्या विल्सन निर्णयाने ही वाट मोकळी केली. इंग्लंडने मात्र कायदा करूनच हा पेच सोडवला: २००३ च्या फौजदारी न्याय कायद्याने खटला संपवणाऱ्या अशा आदेशाविरुद्ध अपील करण्याचा अधिकार सरकारी पक्षाला दिला, पण अपील फसल्यास आरोपी निर्दोष ठरेल हे आधीच मान्य करण्याच्या अटीवर.

भारतात ज्युरी नाही, पण हा अधिकार आहे आणि त्याचे मूळ ज्युरीच्या काळातच आहे. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या २८९व्या कलमाने सत्र न्यायाधीशांना अशी मुभा दिली होती की पुरावा नाही असे वाटल्यास त्यांनी ज्युरीला निर्दोष असा निकाल देण्याचा आदेश द्यावा. त्याच संहितेच्या ३०७व्या कलमात याच्या उलट दिशेची तरतूद होती: ज्युरीचा निकाल न पटल्यास न्यायाधीश प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवू शकत. १९५९ च्या नानावटी खटल्यात नेमके हेच घडले. मुंबईतल्या ज्युरीने आठ विरुद्ध एक मताने निर्दोष ठरवले, न्यायाधीशांना ते मान्य झाले नाही, त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे धाडले, तिथे शिक्षा झाली आणि १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. इंग्लंडमध्ये ज्युरीच्या निर्दोष निकालावर न्यायाधीशांनी असा आक्षेप घेणे कल्पनेबाहेरचे होते.

पुढे १९७३ च्या संहितेने ज्युरी रद्द केली आणि २८९व्या कलमातला गाभा २३२व्या कलमात आला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तेच कलम २५५ आहे. सरकारी पक्षाचा पुरावा नोंदवून, आरोपीचा जबाब घेऊन आणि या मुद्द्यावर दोन्ही बाजू ऐकून, आरोपीने गुन्हा केल्याचा पुरावा नाही असे सत्र न्यायाधीशांचे मत झाले तर त्यांनी निर्दोष मुक्ततेचा आदेश नोंदवायचा असतो. ही त्यांची मर्जी नसून कर्तव्य आहे. तसे मत झाले नाही तर आरोपीला कलम २५६ खाली आपला बचाव मांडायला बोलावले जाते.

खटल्याच्या सुरुवातीलाच, दोषारोप निश्चित होण्यापूर्वी, आरोपीला सोडण्याची जी तरतूद कलम २५० मध्ये आहे ती याहून वेगळी आहे. तिथे फक्त पोलिसांची कागदपत्रे पाहिली जातात, साक्ष झालेली नसते, आणि सुटलेल्या आरोपीविरुद्ध पुढे नवे पुरावे सापडल्यास पुन्हा कारवाई होऊ शकते. कलम २५५ खाली सुटलेला माणूस निर्दोष ठरलेला असतो आणि तो आदेश कायम असेपर्यंत त्याच गुन्ह्यासाठी त्याच्यावर दुसरा खटला चालत नाही.

भारतातल्या शब्दरचनेत पुरावा पुरेसा आहे का, असे विचारलेले नसून पुरावा आहे का, एवढेच विचारलेले आहे. अमेरिकेने १९७९ मध्ये जी पायरी ओलांडली तिच्या अलीकडेच आपले कलम उभे आहे. शिवाय खटल्याच्या शेवटी पुराव्याचे मोल ठरवणारे आणि मध्यावर तो आहे की नाही हे पाहणारे न्यायाधीश एकच असल्यामुळे, आज वजन करू नका, महिन्याभराने करा, असे आपण त्यांना सांगत असतो. थोडाफार पुरावा असेल तर आरोपीला बचावाची पूर्ण संधी देऊन मगच तर्कशुद्ध निकालपत्र लिहिणे त्यांना अधिक सुरक्षित वाटते, आणि त्यात गैर काही नाही. सगळे प्रत्यक्षदर्शी साक्षीदार फितूर झाले, पंचांनी पंचनाम्यावरच्या सह्या मान्य केल्या पण त्यातला मजकूर नाकारला, आणि मुद्देमालाचा आरोपीशी संबंध जोडणारे काहीच शिल्लक राहिले नाही, अशा खटल्यांत मात्र या कलमाचे काम निःसंशय आहे. ज्या माणसाविरुद्ध न्यायालयात कोणी काही बोललेले नाही, त्याला बचावाचे साक्षीदार जमवायला लावणे म्हणजे नसलेल्या आरोपाला उत्तर मागणे होय.

चुकीच्या आदेशावर भारताचे उत्तर अमेरिकेपेक्षा अगदी निराळे आहे. इथे निर्दोष मुक्ततेविरुद्ध सरकारला अपील करता येते, आणि २००९ च्या दुरुस्तीपासून पीडितालाही. अपील ही मूळ खटल्याचीच पुढची पायरी मानली जाते, दुसरा खटला नव्हे. उच्च न्यायालयाला पुरावा नव्याने तपासायला मोकळीक आहे. मात्र निर्दोष ठरलेल्या माणसाच्या बाजूचे गृहीतक त्या निकालाने दुणावलेले असते, आणि पुराव्यावरून दोन निष्कर्ष वाजवीपणे निघू शकत असतील तर मुक्ततेचा आदेश उलटवू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये चंद्रप्पा खटल्यात सांगितले आहे. कायद्याने उच्च न्यायालयाला पुढील चौकशी, फेरखटला किंवा थेट शिक्षा असे तिन्ही पर्याय दिले आहेत. पण कलम २५५ खाली सुटलेल्या आरोपीने आपला बचाव अजून मांडलेलाच नसतो, त्यामुळे त्याचा आदेश रद्द करायचाच झाला तरी शिक्षेकडे उडी न मारता प्रकरण सत्र न्यायालयाकडे, बचावाच्या पुराव्याच्या टप्प्यावर परत पाठवणे हेच रास्त ठरते.